बारा पाऊणे नऊ: भाऊच्या धक्क्यापासून चोडणपर्यंत फेरीबोटींनी पाच दिवस

फेरीबोटीने कोकण उतरायचं तर निघण्याआधी पंचांग उघडावं. मुहूर्तासाठी नव्हे, पाण्यासाठी. तिथीची पाऊणपट केली की मुंबईची पूर्ण भरती निघते. बारा पाऊणे नऊ, म्हणून द्वादशीला नऊ वाजता, सकाळी आणि रात्रीही. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे. या हिशेबात वीस-तीस मिनिटं इकडची तिकडे होतात, आणि दक्षिणेला जावं तशी भरती लवकर लागते, गोव्यात मुंबईच्या साधारण तासभर आधी. नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक आहेच. पण खाडीकाठच्या माणसाला तिथी सांगितली की तो कोष्टक न बघता बोट कुठे लागेल ते सांगतो.

हा प्रवास माघ शुद्ध द्वादशी ते वद्य प्रतिपदा असा धरला आहे. माघी गणपतीची गर्दी ओसरलेली, हवा कोरडी, आणि पाणी रोज थोडं अधिक चढतंय, थोडं अधिक उतरतंय. भांगाचे दिवस मागे पडून उधाणाकडे चाललेले हे पाच दिवस. फेरीबोटीचं खरं काम बघायचं तर असेच दिवस हवेत. भांगाला पाणी एवढं कमी हलतं की सगळं सोपं दिसतं.

पहिला दिवस, द्वादशी: भाऊचा धक्का ते मुरूड

भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव असतो. रो-रोच्या, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीच्या, फाटकाकडे जाणारी गाडी बर्फाच्या हातगाड्या आणि टेम्पोंमधून काढायची, तेव्हा बोटीच्या वेळेआधी किमान अर्धा तास आणि लिलावाच्या वेळी त्याहून जास्त हाताशी ठेवावा. तिकीट आधी काढलेलं असलं तरी रांगेतली जागा गाडीच्या आकारावरून ठरते, आलेल्या क्रमाने नाही. बस आणि उंच गाड्या कुठे घ्यायच्या हे डेकवरचा माणूस ठरवतो. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे बोटीच्या तोलाशी वाद घालणं.

अलिबागजवळच्या मांडव्याला जाणारी ही सेवा 15 मार्च 2020 ला सुरू झाली आणि टाळेबंदीमुळे आठवडाभरात थांबली. पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. बोट ग्रीसमध्ये बांधलेली, वेग 14 नॉटपर्यंत. रस्त्याने पेण-वडखळवरून शंभरावर किलोमीटर आणि तीन-चार तास, बोटीने तासाभराच्या आत. गेटवेहून सुटणाऱ्या लहान लाँच आणि कॅटमरान पावसाळ्यात बंद असतात. ही बोट हवामान बरं असेल तर पावसातही चालते. मात्र वादळाचा इशारा असला की तीही नाही. जून-जुलैत परतीचं तिकीट हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नये, रस्त्याचा पर्याय मनात धरून ठेवावा.

गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, चोरांपासून वाचवणारा अलार्म बंद करायचा (बोटीच्या थरथरीने तो वाजत राहतो आणि बॅटरी उतरते) आणि वरच्या डेकवर जायचं. खाली गाडीत बसून राहू देत नाहीत, ते बरोबरच आहे. दोन गाड्यांमध्ये हातभर जागा, त्यात दार उघडून बाहेर पडायची वेळ आली तर पंचाईत.

बोट बंदरातून बाहेर पडून धरमतर खाडीच्या तोंडाकडे जाते तेव्हा डावीकडे रेवसची बाजू राहते. याच पाण्यात, काशाच्या खडकाजवळ, 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मोठी लाट आल्यावर माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असं सांगितलं जातं. शंभर माणसं म्हणजे साडेसहा टन वजन. साडेसहा टनांचा ट्रक डेकवर मोकळा सुटलाय अशी कल्पना करावी, म्हणजे डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका कठड्याला गर्दी केली की खलाशी का ओरडतात ते कळतं. गाड्या नेणाऱ्या बोटीची जमेची बाजू ही की जड वजन खालच्या डेकवर आणि जागच्या जागी असतं. माणसं हलतात, ठोकळे लावलेली गाडी हलत नाही.

मांडव्याला ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, आहे. त्याच्या आत पाणी शांत, बोट डुलत नाही, गाड्या सरळ उतरतात. पण शांत पाण्याची किंमत असते. खाडी गाळ घेऊन येते. हलत्या पाण्यात तो तरंगत राहतो, आणि पाणी थांबलं की खाली बसतो. ब्रेकवॉटर जितका चांगला तितका आत गाळ जास्त, म्हणून ड्रेजिंग, म्हणजे गाळ उपसणं, कधी संपत नाही. गाळ साचलेला असताना मोठ्या ओहोटीला फेरीची वेळ बदलली तर कारण बहुतेक हेच.

मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर. पुढे रेवदंडा-साळावला कुंडलिकेवर पूल आहे, तिथे बोटीचं काम नाही. काशीदवरून संध्याकाळपर्यंत मुरूड.

दुसरा दिवस, त्रयोदशी: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी

इथून पुढे बोटींची जात बदलते. कोकणात हिला जंगलजेटी म्हणतात. जंगलाशी हिचा काही संबंध नाही आणि जेटी तर ती नाहीच, पण आगरदांड्याला 'फेरीबोट कधी?' असं विचारलं तरी उत्तर 'जंगलजेटी आत्ताच गेली' असंच येणार.

जंगलजेटी म्हणजे सपाट तळाचा लोखंडी तराफा, वर सपाट डेक, कडेला किंवा वर आडवी बांधलेली सारंगाची, म्हणजे बोट हाकणाऱ्याची, केबिन, खाली दोन डिझेल इंजिनं आणि पाण्यात दोन पंखे. तोंडाशी वायररोपने वर-खाली होणारी फळी, तिला रॅम्प म्हणतात. तळ सपाट कारण तिला धक्क्याला आडवं लागायचं नसतं. ती काठावरच्या सिमेंटच्या उतारावर तोंड टेकवते. नारळ फोडावा तसं नाही, ओटीवर सूप टेकवावं तसं.

या उताराचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. पुलाची दोन्ही टोकं जागेवर असतात. फेरीबोटीचा उतार जागेवर असतो, पाणी नसतं. उतार आठास एक असेल आणि पाणी तीन मीटर खाली गेलं, तर बोट लागायची जागा चोवीस मीटर पुढे सरकते. म्हणजे सकाळी जिथे बोटीची फळी टेकली होती, दुपारी तिथे उभं राहून चहा पिता येतो. मुंबईच्या बाजूला उधाणाचा चढउतार चार मीटरच्या आसपास, रत्नागिरीकडे दोन-अडीच, गोव्यात दोनाच्याही आत. दक्षिणेकडे जावं तसं खलाशांचं काम तेवढं हलकं होत जातं.

आगरदांड्याला साडेनवाच्या सुमारास पाणी भरलेलं मिळतं. ही वेळ गाडी चढवायला सगळ्यात चांगली. बोट उताराच्या वरच्या, कोरड्या, खडबडीत भागाला लागते. तिकीट काठावरच्या टपरीतच काढायचं, गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. सुटे पैसे ठेवावेत, कारण खाडीच्या तोंडाशी मोबाइलची रेंज येते-जाते आणि क्यूआर कोड भिंतीवर नुसता बघत बसतो.

चढवण्याचा क्रम असा. बोट टेकली तरी दोन्ही इंजिनं हळू पुढे चालूच ठेवतात, म्हणजे ती उताराला दाबून राहते. दोर लावतात, पण बोट धरून ठेवतं ते इंजिन. आधी उतरणारे पायी प्रवासी, मग दुचाक्या, मग गाड्या. चढताना एसटी, टेम्पो किंवा ट्रक असेल तर तो मधल्या रेषेवर. दोन्ही कडांना मोटारी जोडीजोडीने, एक डावीकडे तर एक उजवीकडे. सगळ्या एकाच बाजूला घेतल्या तर बोट कलते आणि फळीचा एक कोपरा उचलला जातो. मोटारसायकली उरलेल्या फटीत. एका तोंडाची बोट असेल तर गाडी मागे घेत, रिव्हर्समध्ये चढवायला लावतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. दोन्ही तोंडांना फळी असलेली बोट असेल तर सरळ चढा, सरळ उतरा. नवशिक्याने हे आधी विचारून घ्यावं. मागे वीस गाड्या उभ्या असताना उतारावर गाडी वळवणं हा पुष्कळ लोकांच्या सुट्टीतला सगळ्यात लांब मिनिट असतो.

रिव्हर्समध्ये चढताना क्लच जळतो तो एकाच कारणाने: अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरली म्हणून. थांबायचं तर हँडब्रेकवर थांबायचं. खलाशी हाताने खूण करतो तेव्हा आरशाकडे नाही, त्याच्या हाताकडे बघायचं. बोटीची कड आरशात दिसत नाही.

आणखी एक जागा नेहमी घासते. काठाचा उतार पाण्याकडे उतरतो आणि बोटीची फळी काठाकडे उतरते. दोन्ही मिळतात तिथे खळगा होतो. सेडान गाडीचा पुढचा बंपर त्या खळग्यात लागतो. पुढे फळी जिथे डेकला मिळते तिथे उंचवटा येतो, तिथे गाडीचं पोट लागतं. दोन्हीवर उपाय एकच, गाडी किंचित तिरकी घ्यायची, एका वेळी एक चाक. गाडी भरलेली असेल तर मागच्या सीटवरच्या मंडळींना उतरवून चालत चढवावं. दोन बोटं उंची तेवढ्याने मिळते.

राजपुरी खाडी ओलांडताना उजवीकडे लांबवर जंजिरा दिसतो. दिघीला उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हे सगळं दुपारपर्यंत करता येतं. मात्र बागमांडल्याला साडेतीनच्या सुमारास पोचलं की समोर दुसरंच चित्र असतं. पाणी पूर्ण उतरलेलं. सावित्रीच्या मुखाशी चिखलाचे आणि वाळूचे पट्टे उघडे पडलेले, आणि बोट उताराच्या अगदी खालच्या टोकाला, हिरव्या भागात.

हा हिरवा भाग फेरीबोटीचा खरा शत्रू. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा रोज दोनदा भिजतो, दोनदा सुकतो, त्यावर शेवाळ धरतं आणि कडेला कालवं. शेवाळावर दुचाकीचा पुढचा ब्रेक दाबला की पडलंच समजा. नियम सोपा: दुचाकीवर एकच माणूस, पहिला गिअर, पाय दोन्ही बाजूंना मोकळे, पुढचा ब्रेक विसरायचा. मोटारीचं चाक घसरून फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर अजून दाबू नये, सोडावा. फिरतं चाक शेवाळ घासून अजून गुळगुळीत करतं. काही ठिकाणी उतारावर आडव्या खाचा पाडलेल्या असतात, पण गाळ भरला की खाचा नावापुरत्या. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासणं हे कोणाला दिसत नसलेलं नेहमीचं काम. उधाणाच्या ओहोटीला सगळ्यात खालचा भाग उघडा पडतो, तेव्हाच ते करता येतं.

ओहोटी चालू असताना बोट भरण्यात अजून एक धोका. पाणी दर मिनिटाला उतरतंय आणि बोट दर गाडीगणिक खाली बसतेय. पंधरा मिनिटं एकाच जागी राहिली तर तोंड उतारावर रुततं आणि इंजिन उलटं चालवूनही सुटत नाही. म्हणून जाणता सारंग गाड्या चढत असतानाच मध्ये हातभर मागे येतो, पुन्हा टेकतो. प्रवाशाला वाटतं बोट सरकतेय. सरकत नाहीये, सरकवतायत. तोंड जड होऊ नये म्हणून मोठा ट्रक आधी घेऊन पार मागे नेतात. रुतलीच तर उपाय दोन: पुढच्या गाड्या मागे घ्यायच्या, नाहीतर भरतीची वाट बघायची. दुसरा उपाय खात्रीचा, पण तो दोन-तीन तासांचा.

वेसवीवरून बाणकोटच्या किल्ल्याखालून रस्ता वेळासकडे जातो. फेब्रुवारीत तिथे कासवांसाठी येणारे लोक असतात, त्यामुळे शनिवार-रविवार वेसवीच्या रांगेत तास जाऊ शकतो. एरवी दहा-पंधरा मिनिटांची फेरी. मुक्काम केळशी किंवा आंजर्ले.

तिसरा दिवस, चतुर्दशी: दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड

कोकणातल्या आजच्या जंगलजेट्यांची सुरुवात दाभोळची. सुवर्णदुर्ग शिपिंगने 2003 साली दाभोळ-धोपावे फेरी सुरू केली. त्याआधी दापोलीहून गुहागरला गाडीने जायचं तर खेड-चिपळूण फिरून शंभराहून अधिक किलोमीटर. आता दाभोळच्या जुन्या मशिदीच्या पुढे गाडी बोटीवर घ्यायची आणि पंधरा मिनिटांत वाशिष्ठीपार.

जानेवारी-फेब्रुवारीत इथे सकाळी धुकं. समोरचा काठ दिसत नाही तोवर बोट सोडत नाहीत, आणि मध्येच धुकं आलं तर भोंगा: दोन मिनिटांच्या आत एक लांब. धुक्यात कानावर जास्त विसंबावं लागतं, म्हणून अशा वेळी गाडीतली गाणी बंद ठेवावीत. एरवी ऐकू येणारे लहान भोंगेही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एक म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालतंय. तीन ऐकले की मागच्या होडीवाल्याने बाजूला व्हायचं.

वाशिष्ठी बारमाही वाहती आहे याला एक कारण वर घाटात आहे. कोयनेची वीज झाल्यावर ते पाणी चिपळूणच्या बाजूने वाशिष्ठीत उतरतं. मुखाशी मात्र जोर भरती-ओहोटीचाच. बोट सरळ समोर तोंड करून जातच नाही. ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढतं, तेव्हा सारंग तोंड वरच्या अंगाला, खाडीच्या आतल्या बाजूला ठेवतो आणि बोट खेकड्यासारखी तिरकी चालते. पलीकडच्या उताराच्या थोडं वर पोचायचं आणि मग पाण्याबरोबर खाली येत टेकायचं. उताराच्या खालून वर चढत यायचा प्रयत्न केला तर शेवटच्या दहा मीटरात पाणी बोट ढकलतं आणि फळी कठड्यावर बसते. खाडीतली दहा-पंधरा मिनिटं सारंगाला आरामाची असतात. त्याचा घाम निघतो तो पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाला.

बोटीवर सारंग, इंजिन ड्रायव्हर आणि खलाशी अशी माणसं. सारंगाला परवाना लागतो, ड्रायव्हरलाही. बोटीची तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत. आत चढल्यावर तीन गोष्टी बघाव्यात: लाइफजॅकेट कुठे आहेत आणि ती साखळीने बांधून तर ठेवलेली नाहीत ना, लाइफबॉय, म्हणजे तरंगतं कडं, हाताशी आहे का, आणि किती माणसं न्यायची परवानगी आहे तो आकडा. डिसेंबर 2024 मध्ये मुंबई बंदरात घारापुरीच्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यानंतर लाइफजॅकेटचं सगळे बोलू लागले. खाडीतल्या फेरीत आपण गाडीत काच वर करून बसतो. ते मात्र टाळावं. काचा खाली, पट्टा सोडलेला, आणि शक्य तर गाडीबाहेर.

बिघडतं काय काय? इंजिनापेक्षा इंजिनाच्या पाण्याने जास्त फेऱ्या चुकतात. इंजिन थंड करायला खाडीचंच पाणी आत घेतात, ते गाळणीतून जातं. गाळणीत प्लॅस्टिक, शेवाळ, जेलीफिश आणि ओहोटीला चिखल अडकतो. बोटीच्या बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की ड्रायव्हर खाली धावतो. दोन गाळण्या असतील तर एक चालू ठेवून दुसरी धुतात. नसेल तर इंजिन बंद करावं लागतं, आणि मग एका इंजिनावर बोट काठाला आणणं हे वाऱ्याच्या दिवशी कसबाचं काम.

दुसरं म्हणजे पंख्यात अडकणारं जाळं. तुटून वाहत आलेल्या नायलॉनच्या जाळ्याचा गोळा दांड्यावर गुंडाळला जातो, घासून वितळतो आणि दगडासारखा होतो. मग सुरी घेऊन पाण्यात उतरणारा माणूस लागतो. इंजिन बंद आणि चावी त्याच्याच कमरेला, हा न लिहिलेला नियम. तिसरं, फळीची वायररोप. ती रोज शंभरेक वेळा ताणली जाते आणि तिच्यावर खारं पाणी. एक-दोन तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आल्या की बदलायची. ग्रीस लावलेली वायर प्रवाशांना घाण वाटते, पण भीती कोरड्या, तांबूस वायरची बाळगावी. फळी वर असताना तिच्याखाली उभं राहू नये, फोटोसाठी तर नाहीच.

चौथं दिसत नाही: पत्रा. सपाट तळ उतारावर रोज घासतो, रंग जातो, उघड्या लोखंडाला खारं पाणी लागतं. म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. लोखंडाऐवजी जस्त झिजतं. बोट वर काढतात तेव्हा कालवं खरवडतात, पत्र्याची जाडी यंत्राने मोजतात, पातळ झालेला तुकडा कापून नवा जोडतात. त्या काळात बदली बोट लहान असेल तर रांग दुप्पट होते. 'आज एकच बोट आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा हा असतो.

धोपाव्याहून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि चारच्या सुमारास तवसाळ. उद्या पौर्णिमा, ओहोटी खोल. शास्त्री नदीचं मुख रुंद, समोर जयगडचं बंदर आणि कोळशाची मोठी जहाजं. मोठ्या जहाजाच्या पुढून फेरीबोट कधी जात नाही. ते थांबू शकत नाही आणि त्याच्या नाकाखालचं त्याच्या कप्तानाला दिसत नसलेलं पाणी अर्धा किलोमीटरही असू शकतं. मागून जायचं, आणि मागून येणाऱ्या लाटेला तोंड देऊन जायचं. लाट बाजूने घेतली तर डेकवरच्या मोटारसायकली आडव्या होतात. म्हणून मोटारसायकल मधल्या स्टँडवर नाही, बाजूच्या स्टँडवर, गिअरमध्ये आणि मालकाने धरून.

उताराच्या टोकापाशी पाणी एवढं कमी की पंख्याने तळाचा चिखल ढवळून पाणी चहासारखं झालेलं. हेच पाणी रोज उताराच्या पायथ्याखालची माती खणत असतं. वरून सिमेंट धड दिसतं, खाली पोकळ. एक दिवस ट्रकखाली कड तुटते आणि मग दगड भरून दुरुस्ती होईपर्यंत ओहोटीच्या फेऱ्या बंद. उताराच्या टोकाला लाल कापड किंवा टायर बांधलेला दिसला तर तिथे चाक घालू नये.

जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे. मुक्कामाला गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवावं, विशेषतः चाकांच्या आतली बाजू. खाऱ्या पाण्यात चाकं भिजली असतील तर रात्रीत ब्रेकच्या डिस्कवर गंज येतो. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक कुरकुरतात, ते त्यामुळे.

चौथा दिवस, पौर्णिमा: रत्नागिरी ते शिरोडा

दिवसभर पूल. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, मग देवगड, मालवण, वेंगुर्ला. जिथे पूल झाला तिथे तरीची, म्हणजे होडीने खाडी पार करायच्या जागेची, आठवण एखाद्या थांब्याच्या नावात उरते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवरही पूल धरलेले आहेत. ते झाले की मागच्या दोन दिवसांचं वर्णन कालबाह्य होईल. रुग्णवाहिकेने रात्री खाडीशी थांबू नये हे खरंच आहे, तेव्हा त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही.

पाचवा दिवस, प्रतिपदा: तेरेखोल ते केरी, रायबंदर ते चोडण

तेरेखोल गाव नदीच्या उत्तरेला, जमिनीच्या बाजूने महाराष्ट्र, पण गोव्याचं. गोव्याच्या गावातून गोव्यात जायला फेरीबोट. मुखाशी वाळू एवढी साचते की ओहोटीला बोट थांबते. आज भरती अकराच्या सुमारास, म्हणून दहा ते बारा ही वेळ धरावी. दुपारी चारनंतर पोचणाऱ्याने आरोंदा-किरणपाणीच्या पुलाने जावं, बोटीच्या आशेवर बसू नये.

गोव्यातल्या फेरीबोटी नदी परिवहन खात्याच्या. पायी प्रवासी फुकट. त्यामुळे बोटीवरचं वातावरणच वेगळं. कोकणात फेरी म्हणजे पर्यटकांच्या गाड्या, इथे शाळेची मुलं, पावाची सायकल, कामावर जाणारी माणसं. पणजीजवळच्या रायबंदरहून चोडण बेटावर जाणारी फेरी सगळ्यात गजबजलेली. वेळापत्रक बघायची गरज नाही, बोट भरली की सुटते. 2025 च्या जुलैत इथे 'गंगोत्री' आणि 'द्वारका' या नव्या रो-रो बोटी आल्या. सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सात रायबंदरची रांग रस्त्यावर येते, त्या वेळा पाहुण्याने टाळाव्यात. तिथे उभी असलेली माणसं फिरायला निघालेली नसतात. शेजारच्या दिवाडी बेटावर बोंदेराम उत्सवाच्या दिवशी, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, गाडी जुन्या गोव्यातच ठेवून पायी चढावं.

मांडवीत पाणी थोडं चढतं-उतरतं, त्यामुळे उतार आखूड. अडचण वेगळी, रहदारीची. खनिजाचे बार्ज भरतीचा हिशेब धरून चालतात, भरलेला बार्ज पाण्यात खोल आणि वळायला मंद. त्याच्याही मागूनच जायचं. पावसाळ्यात ओंडके आणि जलपर्णीचे गुच्छ येतात, पुन्हा तीच गाळणी, तोच पंखा. 5 जुलै 1986 ला पणजी-बेती दरम्यानचा मांडवी पूल कोसळला. 1970 साली झालेला पूल सोळा वर्षांत गेला, आणि पुढची काही वर्षं, नवा पूल 1992 ला खुला होईपर्यंत, पणजीची रोजची ये-जा पुन्हा फेरीबोटींवर आली. पूल आला की फेरीची माणसं आणि बोटी मोडीत काढायची घाई करू नये, एवढं त्यातून गोव्याला कळलं असावं.

चोडणच्या धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य. खारफुटीत ओहोटीला पक्षी जास्त, म्हणजे बोटीला गैरसोयीची वेळ तीच इथे सोयीची. तासभर फिरून परत धक्क्यावर यावं आणि शेवटच्या फेऱ्या बघाव्यात.

रात्री बोट बांधतात तेव्हा घाई नसते. इंजिन लगेच बंद करत नाहीत, पाच-सात मिनिटं हळू चालू ठेवून थंड होऊ देतात. तळाच्या खणात किती पाणी साचलंय ते काठीने बघतात आणि पंप लावून काढतात. ते रोज साधारण सारखं असतं, आज जास्त असेल तर कुठेतरी पत्रा गेला. फळी अर्धी वर घेऊन खुंटी घालतात, वायरवर लटकती ठेवत नाहीत. मग दोर. भरतीला ताठ बांधला तर पहाटे पाणी उतरल्यावर बोट दोरावर टांगली जाते आणि खुंट उपटतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या दोरांना दीड-दोन मीटर ढील देतात, आणि ज्याची पाळी आहे तो खलाशी पहाटे पाचला ओहोटीला उठून पुन्हा एकदा हात लावून बघतो.